परदेशातून सांगलीला परतताना: हवामान, औषधपाणी आणि पहिलं वर्ष

परदेशातून कायमचे परतणारे बहुतेक जण मे महिन्यात उतरतात. मुलांच्या शाळेचं गणित तसंच बसतं, त्यात कुणाचा दोष नाही. पण शरीराच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त पंचांगात शोधूनही सापडणार नाही. मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकलेला असतो. त्यातून जरा सावरतोय म्हणेपर्यंत पाऊस, डास आणि पोटाची दुखणी. जुलै उजाडला की सगळ्या गावाचे डोळे कृष्णेच्या पाण्याकडे. बरं, या तीन महिन्यांत घर लावायचं, बँका-आधारची कामं करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना चहाही द्यायचा.

घरात शाळकरी मूल नसेल तर दिवाळीनंतर या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने अंगाला सवय करायला आणि दवाखान्यांची माहिती काढायला पुरतात. मेमध्येच यावं लागणार असेल तरी हरकत नाही, फक्त तयारी आधीपासून हवी.

निघण्याआधी सहा महिने: विमा

सामान बांधणं, कंटेनर बुक करणं ही कामं दिसतात म्हणून ती आधी होतात. विमा दिसत नाही, म्हणून तो राहतो. आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्यांचा कंपनीचा विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. इंग्लंडची सरकारी सेवा तिथे राहणाऱ्यांसाठी असते आणि अमेरिकेतलं ज्येष्ठांचं मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळपास निरुपयोगी. म्हणजे विमानातून उतरता त्या दिवशी तुमच्यावर कसलंच छत्र नसतं.

भारतातली आरोग्य पॉलिसी परदेशात असतानाच काढून ठेवा. कारण साधं आहे: इथे प्रतीक्षा काळ असतो. पॉलिसी घेतल्यावर पहिले 30 दिवस अपघात सोडून इतर आजारांचे दावे मिळत नाहीत. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त 36 महिने थांबवू शकते. 2024 पूर्वी हीच मर्यादा चार वर्षांची होती. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणं अशा ठरावीक उपचारांनाही असाच वेगळा काळ लावतात. दोन वर्षांनी परतायचं नक्की असेल तर आज घेतलेली पॉलिसी तुम्ही याल तोवर बरीच पिकलेली असेल.

अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, सगळं लिहा. एजंट म्हणेल, 'हे लिहू नका साहेब, हप्ता वाढेल.' वाढू दे. सलग 60 महिने पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुनी माहिती लपवल्याचं कारण काढून दावा नाकारता येत नाही. पण ती पाच वर्षं पुरी होण्याआधीच माणूस आजारी पडला तर? वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे, त्यामुळे हप्त्याचं ओझं तेवढं तरी कमी झालंय.

पॉलिसी निवडताना एक गोष्ट स्वतः तपासा: कॅशलेसच्या, म्हणजे जिथलं बिल कंपनी परस्पर भरते त्या, यादीत सांगली-मिरजेतली किती रुग्णालयं आहेत. पुण्या-मुंबईची यादी लांबलचक असते आणि एजंट तीच दाखवतो. तुम्हाला मध्यरात्री छातीत दुखलं तर 230 किलोमीटरवरचं पुणे काय कामाचं? खोलीभाड्याची मर्यादाही बघा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर अनेक पॉलिसींत नुसतं खोलीचं नाही, डॉक्टरांच्या फीसकट बाकी बिलही त्याच प्रमाणात कापतात.

फाईल

परदेशात तुमचा इतिहास संगणकात असतो आणि डॉक्टर तो उघडून बघतो. इथे तुमचा इतिहास म्हणजे तुमच्या हातातली प्लॅस्टिकची फाईल. ती आणली नाही तर डॉक्टर शून्यापासून सुरुवात करणार, आणि तपासण्याही शून्यापासून. आयुष्मान भारतचा 14 अंकी 'आभा' क्रमांक काढून घ्या, कागद हळूहळू त्यावर चढतील; पण ओपीडीत अजून फाईलच चालते.

म्हणून निघण्याआधी सगळ्या दवाखान्यांतून डिस्चार्जचे कागद, बायोप्सीचे अहवाल, एमआरआय-सीटीच्या मूळ प्रतिमा आणि मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी मागून घ्या. जर्मन, जपानी किंवा अरबी कागद असतील तर इंग्रजी भाषांतर तिथेच करून आणा. सांगलीत जर्मन वाचणारा हृदयरोगतज्ज्ञ शोधत बसण्यात अर्थ नाही. या सगळ्यावर एक पानाचा गोषवारा स्वतः टाइप करून लावा: आजार, कधीपासून, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, रक्तगट. ओपीडीत डॉक्टरांकडे तुमच्यासाठी मोजकी मिनिटं असतात. जाड फाईल ते चाळणार नाहीत, वरचं पान नक्की वाचतील.

एक भानगड आकड्यांची. ब्रिटनमध्ये, कॅनडात, ऑस्ट्रेलियात रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात, इथे मिलिग्रॅममध्ये. 'माझी उपाशीपोटी साखर सात येते' असं इथल्या डॉक्टरांना सांगितलंत तर ते तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा समजतील. साखरेच्या आकड्याला 18 ने गुणा, म्हणजे 7 चे 126 होतात. कोलेस्टेरॉलला 38.7 ने गुणायचं. क्रिएटिनीन मायक्रोमोलमध्ये असेल तर 88.4 ने भागायचं. एचबीएवनसी, म्हणजे तोच तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, ब्रिटनमध्ये 53 लिहिलेलं असेल तर ते इथले 7 टक्के. हे रूपांतर गोषवाऱ्यातच करून टाका.

औषधं

ब्रँडची नावं विसरा, मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून आणा. अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात ते इथलं पॅरासिटामॉल, तिथलं अल्ब्युटेरॉल ते इथलं साल्ब्युटामॉल. रोजची बहुतेक औषधं सांगलीत मिळतात आणि तिकडच्या मानाने खूप स्वस्त. जनऔषधी केंद्रातून घेतली तर आणखी स्वस्त. पण काही मिळत नाहीत. अमेरिकेत मुलांच्या एकाग्रतेच्या अडचणीसाठी दिली जाणारी ॲम्फेटामिन वर्गातली औषधं भारतात मिळत नाहीत. तीव्र ॲलर्जीसाठी खिशात ठेवायचं ॲड्रेनलिनचं तयार पेनही सहजासहजी मिळत नाही. असं औषध घरात कुणाला चालू असेल तर निघण्याआधी तिथल्याच डॉक्टरांकडून पर्याय ठरवून, नवीन औषध सुरू करून, ते मानवतंय का हे बघून मग या. बाकीचं तीन महिन्यांचं औषध, मूळ वेष्टणात, चिठ्ठीसह सोबत ठेवा.

मेडिकलच्या दुकानातला मुलगा दहा गोळ्यांच्या पाकिटातून चार गोळ्या मागितल्यावर कात्रीने कापून देतो. एक्स्पायरीची तारीख छापलेला तुकडा बहुधा त्याच्याकडेच राहतो. रोजची गोळी असेल तर अख्खं पाकीट घ्या आणि बिल मागा. बिलावर बॅच क्रमांक असतो, आणि विम्याच्या दाव्यालाही ते लागतं.

घर कुठे घ्यावं

हा प्रश्न आरोग्याच्या लेखात कशाला, असं वाटेल. सांगलीत तो आरोग्याचाच प्रश्न आहे. शहरात पाऊस काही फार पडत नाही. पूर येतो तो वरच्या कोयनेच्या पाण्याने, आणि खाली हरिपूरला वारणाही फुगलेली असली की पाण्याला पुढे सरकायला जागा मिळत नाही. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. त्याआधी 2005, नंतर 2021.

गावभाग, सांगलीवाडी, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट ही नावं दर पुराच्या बातमीत असतात. विश्रामबाग, कुपवाड, मिरजेकडे जमीन चढी आहे. शामरावनगरात नदीपेक्षा साचणाऱ्या पावसाच्या पाण्याचा त्रास जास्त. बिल्डर 'इथे पाणी येत नाही हो' म्हणाला तर मान डोलवा आणि मग खाली पार्किंगमध्ये जाऊन वॉचमनला विचारा, '2019 ला कुठपर्यंत होतं?' तो खांबावर हात ठेवून दाखवतो. बऱ्याच ठिकाणी रंग दिल्यावरसुद्धा खांबावर मातकट पट्टा ओळखू येतो. त्या पट्ट्याच्या खाली लिफ्टची मोटर आणि जनरेटर असेल तर पाचव्या मजल्यावरच्या गुडघेदुखीवाल्या आजींचं काय होणार, याचा विचार आजच करायचा.

वर्षभराचं हवामान, अंगाच्या बाजूने

उन्हाळा मार्चमध्ये सुरू होतो आणि एप्रिल-मेमध्ये कळस गाठतो. थंड देशातून आलेल्या शरीराला उन्हाशी जुळवून घ्यायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि ते जुळवून घेणं एसीत बसून होत नाही. म्हणून पहिल्या पंधरवड्यात सकाळी आणि संध्याकाळी बाहेर पडा, थोडा घाम येऊ द्या, अकरा ते चार मात्र सावलीत. ताक, कोकम, पन्हं हे सगळं चांगलंच, पण मधुमेह्यांनी पन्ह्यातला गूळ मोजावा आणि रक्तदाबवाल्यांनी ताकातलं मीठ. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे त्यांनी पहिल्या उन्हाळ्याआधी डॉक्टरांना भेटावंच. घाम आणि गोळी दोन्हींनी पाणी-क्षार जातात आणि उठताना चक्कर येते. डोस बदलायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील, आपण परस्पर गोळी सोडायची नाही.

इन्सुलिनची न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत हवीत, फ्रीझरला चिकटवून नव्हे. वापरातलं पेन बाहेर चालतं, पण 'रूम टेंपरेचर' म्हणजे तिकडच्या खोलीचं. सांगलीत मेच्या दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीचं तापमान त्यात बसत नाही. वीज गेली तर मातीच्या मडक्यात वाळू-पाणी घालून आत डब्यात पेन ठेवण्याची जुनी पद्धत काम करते. घरात झोपेचं श्वासयंत्र किंवा ऑक्सिजनचं यंत्र असेल तर इन्व्हर्टर घेताना त्याचा भार आणि किती तास चालायला हवं ते आधी सांगा. वळवाच्या पावसात झाड तारेवर पडलं की महावितरणला दुरुस्तीला वेळ लागतो. अमेरिकेतून आणलेलं यंत्र 110 व्होल्टचं आहे का, तेही पाठीमागची चिठ्ठी वाचून बघा.

पावसाळ्यात पहिली काळजी पाण्याची. घरी फिल्टर बसवाल, पण लग्नातलं, हॉटेलातलं, नातेवाइकांकडचं पाणी येतंच. 'आमच्याकडे बोअरचं गोड पाणी आहे' हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं, त्याचा जंतूंशी संबंध नसतो. सहा महिने तरी स्वतःची बाटली बाळगा आणि कुणी हसलं तर हसू द्या. जुलाब लागले तर ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची, अर्ध्या ग्लासात अर्धी नव्हे. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचाच अर्धा चमचा मीठ. लहान मुलांना त्याबरोबर झिंक देतात, ते डॉक्टरांकडून घ्या. पोटाचं तंत्र पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकदा तरी बिघडतंच. ताप, रक्त पडणं किंवा लघवी कमी होणं दिसलं तर मात्र घरात थांबू नका.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. कुंडीखालच्या ताटल्या आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघा. पावसाळ्यात ताप आला की पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनने डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून चाललात आणि पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना 'पाण्यातून गेलो होतो' हे न विचारता सांगा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) संशय त्या एका वाक्यावर येतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर घरात महिनाभराची औषधं असू द्या. डायलिसिससारखे नियमित उपचार चालू असतील तर पाणी 35 फुटांच्या पुढे चढायला लागलं की मिरजेकडे मुक्काम हलवा. 45 ची वाट बघू नये.

हिवाळा छान. इतका छान की दमेकरी गाफील राहतात. नोव्हेंबरात कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात, उसाचा पाला पेटवतात आणि सकाळी गॅलरीत काळी काजळी पडलेली दिसते. त्याआधी पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत फुलतं. त्याने अंगावर पुरळ उठतं, नाक-डोळे वाहतात, दमा उफाळतो. इन्हेलर दिवाळीपूर्वीच भरून घ्या. सोसायटीच्या शेजारचा प्लॉट फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून साफ करून घेण्यासाठी नगरसेवकाच्या मागे लागणं हा सांगलीतल्या आरोग्यसेवेचा भागच समजा. डिसेंबरच्या पहाटे बाहेर बारा-चौदा अंश असतात आणि घरं तापवलेली नसतात, म्हणून युरोपातून आलेल्यांनाही इथली फरशी जास्त गार लागते. मोजे आणि स्वेटर कंटेनरमधून फेकू नका.

आणि हो, 'सांगलीचं हवामान' असं एकच काही नाही. शिराळ्याकडे जमीन घ्यायचं मनात असेल तर तिथला पाऊस वेगळा, जत-आटपाडीचा कोरडेपणा वेगळा.

दवाखाने: कुठे, कशासाठी

या बाबतीत सांगलीकर नशीबवान आहे. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1890 च्या दशकात मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. आजही मिरजेच्या ओपीडींत कर्नाटकातून आलेले रुग्ण भरलेले असतात आणि पाट्या कानडीतही दिसतात.

आल्यावर पहिल्या महिन्यात, आजारी नसताना, ही कामं उरकून घ्या. आधी चालत जाता येईल असा एक फॅमिली डॉक्टर ठरवा. पाटीवरची पदवी वाचा. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस असे तिन्ही प्रकारचे डॉक्टर गल्लीत असतात आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा. साध्या तापाला दुसऱ्याच दिवशी अँटिबायोटिक आणि 'सलाईन लावू या' म्हणणारा डॉक्टर लोकप्रिय असू शकतो. मी असा डॉक्टर टाळतो. थांबा, तीन दिवस बघू, असं म्हणणारा जपावा.

मग तज्ज्ञ. पहिल्यांदा जाल तेव्हा काउंटरवरचा प्रश्न ठरलेला: 'नंबर लावलाय का?' फोनवरून नंबर सकाळी ठरावीक वेळेतच लागतो, आणि दहाची वेळ म्हणजे डॉक्टर राउंड संपवून येतील तेव्हा. काही अतितज्ज्ञ पुण्याहून किंवा कोल्हापूरहून आठवड्यातून एखाद्या ठरलेल्या दिवशी येतात, तो वार विचारून ठेवा.

त्यानंतर रात्रीची चाचणी. घरापासून जवळच्या, चोवीस तास आपत्कालीन विभाग, सीटी स्कॅन आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात एकदा रात्री दहानंतर गाडी घेऊन जा. गेट कोणतं उघडं असतं, गाडी कुठपर्यंत जाते, किती मिनिटं लागली ते बघून या. हृदयविकाराचा झटका आला की 'पुण्याला न्या' म्हणणारा एक तरी नातेवाईक असतो, त्याचं ऐकू नका. पक्षाघातात गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेवढा वेळ पुण्याच्या रस्त्यातच जातो. झटका, पक्षाघात, अपघात यांचा पहिला उपचार सांगली-मिरजेत. ठरवून करायची मोठी शस्त्रक्रिया किंवा दुसरं मत, यासाठी पुण्याला खुशाल जा.

108 ही रुग्णवाहिका मोफत आहे, तरी शेजारची एक खासगी रुग्णवाहिका आणि एक रिक्षावाला यांचे नंबरही ठेवा. दाखल करताना सोबत माणूस लागतो. परदेशात नर्स करते ती निम्मी धावपळ इथे नातेवाइकाने करायची असते: खाली जाऊन औषधं आणणं, रक्तपेढीत नमुना देणं, विम्याच्या खिडकीवर कागद देणं. कॅशलेस असलं तरी डिपॉझिट मागतात, म्हणून खात्यात रक्कम असू द्या. नियमाप्रमाणे विमा कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. हे काउंटरवर शांतपणे म्हणून बघा, फायदा होतो.

कुत्रा, साप, लसी

परदेशात वाढलेली मुलं रस्त्यावरचा कुत्रा कुरवाळायला जातात. चावला किंवा नुसता ओरखडला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सांगलीचं सिव्हिल किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते आवर्जून विचारा. लसीचे सगळे डोस पुरे करा. साप चावला तर नाग, मण्यार, घोणस की फुरसं हे ओळखत बसू नका, बांधू नका, कापू नका. प्रतिविष सरकारी रुग्णालयात असतं, तिकडेच जा.

टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या लसी येण्याआधी किंवा आल्याबरोबर घ्या. मुलांचं लसीकरण कार्ड बालरोगतज्ज्ञांना दाखवा, देशादेशांचं वेळापत्रक वेगळं असतं. इथे फ्लूची लाट पावसाळ्यात येते, म्हणून ती लस पावसाच्या आधी घ्यायची.

आई-वडिलांसाठी

बरेच जण परततात ते आई-वडिलांसाठीच. त्यांच्यापैकी कुणी 70 पूर्ण केली असेल तर ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधार लागतं, खासगी विमा असला तरी चालतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड शोधून ठेवा, ते बहुधा देवघराच्या कपाटात असतं. तुम्ही स्वतः परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर या योजनांवर विसंबू नका आणि स्वतःचा विमा चोख ठेवा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासींना आल्या-आल्या आधार काढता येतं, ओसीआय कार्डवाल्यांना (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना) त्याआधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस इथे राहिल्याचं दाखवावं लागतं.

दात आणि डोळे

दातांची मोठी कामं तिकडे करत बसू नका. रूट कॅनॉल, कॅप, चष्मा हे सगळं सांगलीत चांगलं आणि परवडणारं होतं. फक्त जुने दातांचे एक्स-रे आणि चष्म्याचा नंबर फाईलमध्ये टाका.